फोटोतला व्हिला आणि खरा व्हिला : मिहानमध्ये घर भाड्याने देण्याआधी हा धडा वाचा



मागच्या व्हिडिओत आपण बघितलं, की रिकामं घर किंवा फार्महाऊस दिवसाच्या भाड्याने देऊन कमाई कशी करता येते. त्यावर नागपूरकरांचे भरपूर प्रश्न आले. बहुतेकांचा प्रश्न एकच होता, "सर, बुकिंग कसं मिळवायचं?"

आज मी उलटा विषय घेतोय. बुकिंग मिळालं, पैसे आले, पाहुणा राहून गेला, पण नाराज होऊन गेला. मग काय होतं? या धंद्यात पहिलं बुकिंग फोटोवर मिळतं, दुसरं मात्र पहिल्या पाहुण्याच्या तोंडून मिळतं. म्हणून वही-पेन घ्या आणि शेवटपर्यंत वाचा.

आधी बघू, मिहानमध्ये गिऱ्हाईक कोण?

मिहान म्हणजे फक्त कंपन्या आणि विमानतळ असं समजू नका. इथे एम्स आहे, जवळच जामठ्याला कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल आहे. पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकांना चार-पाच दिवस राहायला जागा लागते. आयआयएमचा कॅम्पस आहे, मुलांना सोडायला पालक येतात. आयटी कंपन्यांमध्ये कामासाठी बाहेरगावची माणसं येतात. वर्धा रोडवर लग्नाचे लॉन आहेत. जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असली की रूम मिळत नाही. डिसेंबरात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन असतं. ताडोबा-पेंचला जाणारे पर्यटक विमानाने इथेच उतरतात. समृद्धी महामार्गही याच बाजूने सुरू होतो.

आता यातला एक जण तरी "मज्जा करायला" आलाय का? फार थोडे. बाकीच्यांचं इथे काहीतरी महत्त्वाचं काम आहे : ऑपरेशन, लग्न, ॲडमिशन, सकाळची फ्लाईट. अशा माणसाला तुमच्या घरात त्रास झाला, तर नुसती सुट्टी खराब होत नाही, त्याचं काम बिघडतं. हे डोक्यात ठेवून पुढचं उदाहरण वाचा.

काय घडलं?

आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी हा अनुभव सांगितला. व्हिलाचं आणि मालकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आपल्याला कोणाची बदनामी करायची नाही, शिकायचं आहे.

अमरावतीहून नऊ माणसं साक्षगंधासाठी आली होती. मे महिना. वर्धा रोडवरच्या लॉनमध्ये कार्यक्रम, म्हणून मिहानच्या बाजूला व्हिला घेतला. दोन रात्री, ९,००० रुपये रात्रीचे, एकूण १८,००० रुपये आधीच यूपीआयने भरले. जाहिरातीत लिहिलं होतं : चार एसी बेडरूम, स्विमिंग पूल, चोवीस तास केअरटेकर, एअरपोर्टपासून १० मिनिटं.

प्रत्यक्षात काय मिळालं?

- चारपैकी दोनच खोल्यांचे एसी चालू. तिसऱ्या खोलीत कुलर होता, पण त्यात टाकायला पाणी नव्हतं, कारण टँकर आला नव्हता. चौथ्या खोलीत फक्त पंखा.
- पूलचं पाणी हिरवं.
- शेवटचा दोन किलोमीटर रस्ता कच्चा, मॅपवरचा पत्ताही चुकीचा. दहा मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली.
- केअरटेकर एकच, आणि तो शेजारचे दोन प्लॉटही सांभाळत होता.

संध्याकाळी लाईट गेली. इन्व्हर्टरवर दिवे लागले, पंखे नाही. मे महिन्यातलं नागपूर काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींना शेवटी गाडीत बसवलं, गाडीचा एसी लावून. दोन तास आजी गाडीत आणि बाकी घर अंगणात. दुसऱ्या दिवशी साक्षगंध!

मालकाला सहा फोन केले. सातवा उचलला. उत्तर काय आलं? "अहो, आजवर कोणी तक्रार केली नाही, तुम्हालाच कसा प्रॉब्लेम?" जाताना म्हणाला, "हजार रुपये परत देतो, पण खराब रिव्ह्यू टाकू नका."

ताईंच्या घरच्यांनी हजार रुपये घेतले नाहीत. फोटोंसहित एक स्टार दिला.

नाराजी नेमकी कशाची?

इथे बरेच जण चुकीचा निष्कर्ष काढतात. म्हणतात, "म्हणजे सर, चारही एसी पाहिजेत, जनरेटर पाहिजे, लाखो रुपये लागतील." थांबा.

मी ताईंना विचारलं, सगळ्यात जास्त राग कशाचा आला? त्या म्हणाल्या, "लाईट तर आमच्या घरीही जाते. पण त्यांना माहीत होतं की एसी बंद आहे, आणि त्यांनी सांगितलं नाही."

१९८५ मध्ये पॅरासुरामन, झायथॅमल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी सेवेच्या गुणवत्तेवर एक मांडणी केली. मॅनेजमेंट कॉलेजात ती आजही शिकवतात. सोप्या भाषेत सांगायचं तर ग्राहक सेवा मोजतो ती त्याची अपेक्षा आणि त्याला मिळालेला अनुभव यांतल्या फरकावर. आणि हा फरक पडायचं एक मोठं कारण म्हणजे धंदेवाल्याने जाहिरातीत दिलेलं वचन आणि प्रत्यक्ष दिलेली सेवा यांत असलेलं अंतर.

आता बघा, अपेक्षा कोण तयार करतो? तुम्हीच! तुमचा फोटो, तुमची ओळ, तुमचा फोनवरचा शब्द. म्हणजे अंतर कमी करायचे दोन मार्ग आहेत. एक, सेवा वाढवा. दोन, खरं तेवढंच सांगा. पहिल्याला पैसे लागतात. दुसरा फुकट आहे.

फोटो चांगले हवेत, पण खरे हवेत

एअरबीएनबीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भाडं भरायची अडचण होती म्हणून मित्रांनी घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले, तिथून ही कंपनी सुरू झाली. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बुकिंग वाढत नव्हतं, तेव्हा संस्थापक स्वतः तिथे गेले आणि घरोघरी जाऊन चांगले फोटो काढले. कमाई वाढली. ही अर्धी गोष्ट सगळे सांगतात.

उरलेली अर्धी मी सांगतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस एका अमेरिकन पत्रकार महिलेने लिहिलं, की दाखवलं एक घर आणि ऐनवेळी दिलं दुसरंच, अशी फसवणूक या प्लॅटफॉर्मवर अनेक शहरांत चालू आहे. काही दिवसांतच कंपनीच्या प्रमुखांना जाहीर करावं लागलं, की सगळ्या, म्हणजे तेव्हाच्या सुमारे ७० लाख जागांची पडताळणी करू, आणि जागा जाहिरातीप्रमाणे नसेल तर पाहुण्याला दुसरी जागा किंवा पैसे परत देऊ. जगातली एवढी मोठी कंपनी एका गोष्टीवर अडली : फोटो आणि घर जुळत नाही. तुमचा-आमचा एक व्हिला तर काहीच नाही.

आता हिशेब करू

खालचे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका.

पाहुणे येण्याआधी काय करता आलं असतं? पाण्याचा टँकर, पूलची सफाई, दोन एसींची दुरुस्ती. समजा ७,००० रुपये. तेही जमलं नाही, तर एका रात्रीचे ९,००० रुपये मनापासून परत करायचे. दोन्ही धरले तरी १६,००० रुपये.

ते केलं नाही म्हणून काय गेलं? त्याच घरचं लग्न डिसेंबरात होतं. तीन रात्री, २७,००० रुपये. ते बुकिंग दुसरीकडे गेलं. शिवाय एक स्टारच्या रिव्ह्यूमुळे महिन्याला फक्त दोन रात्री कमी झाल्या असं धरा. १८,००० रुपये महिना, सहा महिन्यांचे १,०८,०००. एकूण १,३५,००० रुपयांची विक्री. त्यातला लाईट, सफाई, कमिशन असा तीस टक्के खर्च वजा केला तरी ९४,५०० रुपये हातचे गेले.

सोळा हजार वाचवायला साडेचौऱ्याण्णव हजार घालवले. याला काटकसर म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

तोच व्हिला, खरी जाहिरात

त्या मालकाने एक रुपयाही खर्च न करता असं लिहिलं असतं तर?

"दोन एसी बेडरूम, एका खोलीत कुलर. सहा माणसांसाठी योग्य. पूल उन्हाळ्यात बंद. शेवटचा दोन किलोमीटर रस्ता कच्चा, एअरपोर्टपासून साधारण २५ मिनिटं. लाईट गेल्यास इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात. भाडं ६,००० रुपये."

हो, अमरावतीचे नऊ जण आले नसते. पण ते तुमचं गिऱ्हाईक नव्हतंच! एम्समध्ये आलेलं चार जणांचं कुटुंब आलं असतं, चार दिवस राहिलं असतं आणि जाताना धन्यवाद म्हणालं असतं.

तक्रार आली तर काय बोलायचं?

कितीही काळजी घ्या, कधीतरी काहीतरी बिघडणारच. तेव्हा हा क्रम लक्षात ठेवा.

१. फोन पहिल्या रिंगला उचला. तुम्ही बाहेर असाल तर दुसरा नंबर आधीच देऊन ठेवा.

२. वाद घालू नका, आधी मान्य करा. "ताई, बरोबर आहे तुमचं, एसी चालू असायलाच हवा होता."

३. वेळ सांगून उपाय द्या. "बघतो" म्हणू नका. "आठ वाजेपर्यंत माणूस येईल. आजींना त्रास होत असेल तर जवळच्या हॉटेलात आत्ता रूम घेतो, पैसे मी देतो" असं बोला.

४. भरपाई स्वतःहून द्या आणि रिव्ह्यूची अट घालू नका. अट घातली की भरपाईची लाच होते.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या व्हिलालाही लागू आहे. जाहिरातीत सांगितलेली सोय न देणं ही सेवेतील त्रुटी ठरू शकते, दिशाभूल करणारी जाहिरातही ठरू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. आणि महत्त्वाचं : या कायद्यात ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडेही तक्रार करू शकतो. म्हणजे व्हिला नागपुरात असला तरी तारखेला अमरावतीला तुम्ही जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात तक्रारीची फीसुद्धा नाही.

आणखी तीन गोष्टी. तुमची जागा महापालिका, एनएमआरडीए की ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे ते बघून परवानगीची चौकशी करा. परदेशी पाहुणा ठेवलात तर चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाईन भरावी लागते. आणि पूल असेल तर कुंपण, खोलीचा फलक आणि माणूस हवाच. २०२२ च्या पावसाळ्यात लोणावळ्यातल्या भाड्याच्या बंगल्यात लहान मूल पूलमध्ये बुडून दगावलं. हिरव्या पाण्यात तर तळही दिसत नाही. इथे रिव्ह्यूचा प्रश्नच नसतो, जिवाचा असतो. पूल सांभाळता येत नसेल तर रिकामा करा, झाका आणि जाहिरातीतून काढा.

तुमचा गृहपाठ

१. या आठवड्यात एक रात्र स्वतःच्या व्हिलात पाहुणा म्हणून झोपा. आईबाबांना सोबत न्या. रात्री मेन स्विच तासभर बंद करून बघा.

२. जाहिरातीची प्रत्येक ओळ वहीत उतरवा. समोर लिहा : आज खरी आहे का? नसेल तर दुरुस्त करा किंवा खोडा.

३. मॅपवरचा पत्ता एखाद्या अनोळखी रिक्षावाल्याला पाठवा आणि खापरी मेट्रो स्टेशनवरून तो किती वेळात पोहोचतो ते घड्याळ लावून मोजा. तोच आकडा जाहिरातीत टाका.

४. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी फोन करा. काही बंद असेल तर तेव्हाच सांगा आणि बुकिंग रद्द करायची मोकळीक द्या.

व्हिला नसला तरी हा धडा तुमचाच आहे. मेस असो, कॅटरिंग असो की गाडी भाड्याने देणं असो, दुसरा क्रमांक तर आजच करून टाका. तुमच्या जाहिरातीतली कोणती ओळ खोडावी लागली ते मला नक्की लिहा. पुढच्या भागात आपण केअरटेकर कसा निवडायचा आणि त्याला पगार किती द्यायचा, ते बघू.

तोपर्यंत शिकत राहा, धंदा करत राहा!