बेघर रुग्णातील राजयक्ष्मा : वैद्य व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

राजयक्ष्मा प्रथम नक्षत्रांच्या राजाला, म्हणजे चंद्राला झाला, अशी कथा चरकसंहितेत येते. मुंबईसारख्या महानगरात हा व्याधी आज आपल्याला ज्याच्या डोक्यावर केवळ उड्डाणपुलाचे छत आहे अशा माणसातही भेटतो. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत ५७ हजारांहून अधिक बेघर व्यक्तींची नोंद झाली. नाक्यावर काम शोधणारे मजूर, बाजारातील हमाल, भंगार वेचणारे, पिढ्यान्‌पिढ्या पदपथावर राहणारी पारधी कुटुंबे, परळच्या रुग्णालयांभोवती मुक्काम केलेले बाहेरगावचे रुग्ण व त्यांचे आप्त, असा हा समुदाय आहे. त्यातील क्षयरुग्णाचा विचार वैद्यवर्गाने स्वतंत्रपणे करावा, असे आम्हास वाटते.

चरकाचार्यांनी शोषाचे चार हेतू सांगितले आहेत : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. परीक्षेसाठी हे चार शब्द आपण सर्वांनीच पाठ केले. परंतु पदपथावरील दिनचर्येशी ते ताडून पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ खऱ्या अर्थाने उलगडतो. अर्धपोटी देहाने पाठीवर गोण्या वाहणे, हे साहस. वेगसंधारणाचे उदाहरण तर पदपथावरील प्रत्येक स्त्री आहे. शौचालयाला पैसे पडतात आणि आडोसा अंधाराशिवाय मिळत नाही. म्हणून ती दिवसभर मलमूत्राचे वेग धरून ठेवते, पाणीही कमी पिते. विषमाशनाबद्दल वेगळे लिहिण्याची आवश्यकता नाही. मजुरी मिळेल त्या दिवशी जेवण, न मिळेल त्या दिवशी चहा. अशा देहात धातुक्षय आधीच झालेला असतो. शोषाची गणना सुश्रुताचार्यांनी एका माणसाकडून दुसऱ्याकडे संक्रांत होणाऱ्या औपसर्गिक रोगांत केली आहे. क्षयाचा जंतू अनेकांच्या शरीरात सुप्त राहतो आणि बल क्षीण झाले की उसळतो, हे आधुनिक शास्त्राचे प्रतिपादन या हेतुविचाराशी विसंगत नाही.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. उघड्या पदपथावर वाऱ्यामुळे संसर्ग विरळ होतो. दारे-खिडक्या बंद केलेल्या दाटीच्या रात्र-निवाऱ्यात तो वाढतो. निवारे नसावेत असा याचा अर्थ नव्हे. दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला होता. मात्र निवाऱ्याला भेट देणाऱ्या वैद्याने प्रथम खिडक्या पाहाव्यात.

हा रुग्ण मोठ्या रुग्णालयात सहसा प्रथम जात नाही. तेथील बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो आणि सकाळीच त्याला नाक्यावर उभे राहावे लागते. सायंकाळी तो आपल्या दवाखान्याची पायरी चढतो, किंवा त्याहून अधिक वेळा औषधाच्या दुकानात येऊन 'खोकल्याची बाटली द्या' म्हणतो. एक बाटली संपते, दुसरी घेतो. कोणी लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या चार गोळ्या देतो. ताप उतरतो, निदान मात्र आठवडे पुढे जाते. एकादशरूप राजयक्ष्मा स्पष्ट होईपर्यंत थांबणे म्हणजे रुग्ण हातचा घालवणे होय. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ज्वर, रात्री घाम, वजनात घट यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी थुंकीची तपासणी सुचवावी. सीबीनॅट वा ट्रूनॅट तपासणीत जंतूबरोबर रिफाम्पिसिनला होणारा प्रतिरोधही कळतो आणि शासकीय केंद्रात ती विनामूल्य होते.

निदान झाल्यावर आमचे मत निःसंदिग्ध आहे. जंतुनाशक औषधे हीच मुख्य चिकित्सा; औषधसंवेदी क्षयात ती किमान सहा महिने, रोज घ्यावयाची असतात. सुवर्णमालिनी वसंत किंवा वासावलेह यांच्या भरवशावर ती लांबवणे वा थांबवणे शास्त्राला धरून नाही. आपले कार्य अग्निरक्षण, बलरक्षण आणि बृंहण यांत आहे. राजयक्ष्म्याच्या रुग्णात मलाचे रक्षण करावे, क्षीण देहाला शोधन देऊ नये, हा चरकांचा उपदेश येथे तंतोतंत लागू पडतो.

साहाय्यक औषधे देतानाही विवेक हवा. पिप्पलीतील पायपरिन रिफाम्पिसिनचे शोषण वाढवते. या गुणाच्या आधारे जम्मूच्या संशोधन संस्थेच्या कार्यातून २००९ मध्ये रिसोरिन हे औषध बाजारात आले; त्यात रिफाम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवली आहे. आपणास अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, परंतु तिचीच दुसरी बाजू अशी की पूर्ण मात्रा घेणाऱ्या रुग्णाला त्रिकटू वा सितोपलादी सहज म्हणून देता येणार नाही. मद्यपी रुग्णाला द्राक्षासवादी आसवारिष्टे टाळावीत, कारण आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतावर ताण देतात. रिफाम्पिसिनने मूत्र केशरी होते. ती कामला नव्हे. डोळे पिवळे, अन्नद्वेष आणि छर्दी दिसल्यास मात्र रुग्णास तत्काळ उपचार केंद्रात पाठवावे. हातापायांत मुंग्या वा दाह असल्यास पायरिडॉक्सिन मिळते की नाही, हे विचारावे.

एवढे करूनही उपचार खंडित होतो, आणि बहुधा त्याचे कारण औषधात नसून पत्त्यात असते. पदपथ रिकामा करण्याच्या कारवाईत गाठोड्याबरोबर गोळ्या जातात. पावसात पाकिटे भिजतात. काम संपले की माणूस दुसऱ्या उपनगरात जातो. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून दरमहा ५०० रुपये व नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये मिळतात, पण ते बँक खात्यात जमा होतात; खाते उघडण्यास कागदपत्रे लागतात. आमच्या पाहण्यातील एका हमालाची औषधे बाजारातील एका औषधविक्रेत्याने आपल्या कपाटात ठेवली. तो रोज सकाळी बोहनीच्या आधी येऊन समोर गोळ्या घेत असे. सहा महिने पूर्ण झाले. वैद्य वा औषधविक्रेता उपचार सहायक होऊ शकतो. त्यासाठी जवळच्या क्षयरोग केंद्राशी बोलावे लागते, इतकेच.

औषधविक्रेत्यांसाठी दोन गोष्टी. क्षयाची औषधे अनुसूची एच-१ मध्ये असल्याने वेगळ्या नोंदवहीत रुग्णाचे व लिहून देणाऱ्या वैद्यकाचे नाव आणि मात्रा लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. २०१८ च्या अधिसूचनेनुसार अशा रुग्णाची माहिती क्षयरोग विभागास कळवणेही बंधनकारक आहे. रुग्णाला पत्ता नसल्यास तो कोठे झोपतो, त्या पुलाचे वा दुकानाचे नाव आणि शेजारी झोपणाऱ्या एका माणसाचे नाव लिहावे. त्या शेजाऱ्याची व जवळच्या लहान मुलांचीही तपासणी व्हावयास हवी. निक्षय क्रमांक जाड कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रुग्णाच्या हाती द्यावा आणि त्याची एक प्रत दुकानात ठेवावी. तो क्रमांक असला की नव्या भागातील केंद्रात त्याचा उपचार तेथून पुढे चालू राहू शकतो.