दृष्टान्त घरचाच असावा

आपल्या संप्रदायातील पुष्कळ मंडळी हल्ली लिहिती झाली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. कोणी अभंगरचना करतो, कोणी निरूपणाची टिपणवही ठेवतो. पण यांपैकी अनेकांची एक तक्रार वारंवार कानी येते. "महाराज, लिहायला बसतो, पण सुचत नाही. आमचं आयुष्य ते काय! सकाळी गोठा, दुपारी शेत, संध्याकाळी हरिपाठ. यात लिहिण्यासारखं काय आहे?" मग ही मंडळी दृष्टान्तांची छापील पुस्तके धुंडाळतात, नाही तर मोबाईलवर दुसऱ्याचे कीर्तन ऐकून त्यातलाच दृष्टान्त उचलतात. एकाच सप्ताहात तीन कीर्तनकारांच्या मुखातून तीच गोष्ट तीनदा ऐकण्याचा प्रसंग श्रोत्यांवर येतो, तो यामुळेच. सज्जनहो, या तक्रारीचा शास्त्राच्या आणि संतांच्या आधारे थोडा विचार करू.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. अकराव्या शतकात काश्मीरात होऊन गेलेले मम्मटाचार्य 'काव्यप्रकाश' ग्रंथात काव्याची कारणे सांगतात. एक शक्ती, म्हणजे जन्मजात प्रतिभा. दुसरी निपुणता. तिसरा जाणत्याच्या शिकवणीखाली केलेला अभ्यास. आता निपुणता येते कशाने? तर लोक, शास्त्र आणि काव्य यांच्या अवेक्षणाने. हा क्रम नीट ध्यानात घ्या. शास्त्राच्या आधी आणि काव्याच्याही आधी आचार्यांनी 'लोक' ठेवला आहे. लोक म्हणजे चराचर जगाचा रोजचा व्यवहार, आणि अवेक्षण म्हणजे तो बारकाईने न्याहाळणे. नुसते डोळ्यांपुढून जाते ते अवेक्षण नव्हे.

न्यायशास्त्राचेही तसेच आहे. ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक विद्वान या दोघांची बुद्धी सारखी चालते, तिला गौतममुनी दृष्टान्त म्हणतात. पाठशाळेत तर्काचा पहिला धडा कोणता? पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. जसा स्वयंपाकघरात असतो. अहो, एवढे कडक तर्कशास्त्र, पण दृष्टान्ताची गरज पडली तेव्हा तेही चुलीपाशीच आले की नाही!

आता संतांकडे वळू. अरणचे सावता महाराज माळी होते. त्यांचा समाधिकाल शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५. त्यांनी मळा सोडून दुसरीकडे विषय शोधला नाही. भाजीपाला आणि मोटेचे पाणी यांतच त्यांना विठ्ठल दिसला, आणि अभंगही त्यातूनच निघाला. नरहरी महाराजांनी सोनाराची हत्यारे अभंगात आणली, सेना महाराजांनी नाभिकाची. तुकोबारायांच्या अभंगांत वाण्याच्या दुकानातला व्यवहार जागोजागी भेटतो. तेरच्या गोरोबाकाकांची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. संतमेळ्यात कच्चे मडके कोणते, हे त्यांनी थापटण्याने पारखले. हाताला रोजची सवय असल्यामुळे भाजलेल्या मडक्याचा नाद त्यांना ओळखू येत होता. परमार्थाची परीक्षा झाली ती कुंभाराच्या हत्याराने, आणि तिच्यामुळेच नामदेवराय विसोबा खेचरांकडे गेले.

कोणी म्हणेल, हे निरक्षरांचे झाले, पंडितांचे काय? तर पैठणच्या नाथमहाराजांकडे पाहा. संस्कृत भागवतावर टीका लिहिणारा हा अधिकारी पुरुष भारुड रचायला बसला तेव्हा त्याने वासुदेव, जोशी, गोंधळी आणि विंचू चावलेला माणूस हाताशी धरला. विद्वत्ता कमी होती म्हणून नव्हे. ज्यांना सांगायचे ती माणसे त्याच रस्त्यावर होती म्हणून.

आणि आपल्या आयाबहिणी? जनाबाईंचे जाते कोणाला माहीत नाही? हेमा रायरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. रचणाऱ्या बहुतेक जणींनी कधी हाती लेखणी धरली नव्हती. "आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय आहे?" या प्रश्नाचे याहून मोठे उत्तर मला तरी ठाऊक नाही.

परंतु येथे एक अडचण आहे. आज जाते बहुतेक घरांतून गेले, मोटही गेली. कीर्तनात मोटेचा दृष्टान्त दिला की तरुण श्रोत्याला आधी मोट म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. मग दृष्टान्तालाच दुसरा दृष्टान्त लागतो. संतांचे अभंग आपण गाऊच, त्यांचा अर्थही सांगू. पण त्यांची वाट चालायची तर त्यांनी जे केले ते केले पाहिजे. त्यांनी आपल्या काळातले आपले काम पाहिले; आपण आपल्या काळातले पाहावे.

हे कसे करावे, याचे एक उदाहरण देतो. एका गावी सप्ताहाला गेलो असता यजमान ठिबकच्या नळ्या साफ करीत होते. पंप चालू, मोठ्या पाइपात पाणी भरपूर, पण सऱ्यांच्या शेवटची झाडे सुकलेली. मी विचारले, "अहो, वर गाळणी आहे ना? मग तोट्या तुंबतात कशा?" ते म्हणाले, "महाराज, माती गाळणीत अडकते हो. पण क्षार पाण्यातच विरघळलेला असतो, तो गाळणीला दिसत नाही. पंप बंद झाला, पाणी वाळलं, की तो तोटीच्या तोंडाशी बसतो. मग आम्ल सोडावं लागतं, आणि नळीचं टोक उघडून पाणी जोरात काढून टाकावं लागतं."

यात मला दृष्टान्त सापडला. स्थूल दोष नियमांच्या गाळणीत अडकतात. माळ घातली, एकादशी धरली, वाईट संगत सुटली. पण 'मी एवढं करतो' हा अभिमान सत्कर्मातच विरघळून येतो. भजन चालू असते तोवर तो दिसत नाही. भजन संपून घरी गेल्यावर तो तोंडाशी वाळतो. मग जप चालूच राहतो, पण घरातल्या सुनेपर्यंत, दारातल्या गड्यापर्यंत दयेचा थेंबही पोचत नाही. अशा वेळी कोणापुढे तरी मन मोकळे करणे, हेच नळीचे टोक उघडणे होय.

यातून लिहिणाऱ्याने चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, आपल्या कामापासून आरंभ करावा, आणि 'असं का होतं?' हे त्या कामातल्या जाणत्याला विचारावे. क्षार विरघळलेला असतो, ही एक गोष्ट कळली नसती तर वरचा दृष्टान्त अर्धाच राहिला असता.

दुसरी, कामातले शब्द जसेच्या तसे ठेवावेत. गाळणीला गाळणीच म्हणावे. तिला संस्कृताचे अलंकार घालू नयेत. हे मी पाठशाळेत वाढलेला माणूस सांगतो आहे.

तिसरी, दृष्टान्त एकदेशी असतो. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणून मुखावर डाग शोधायचा नसतो. आम्ल म्हणजे कोण, पंप म्हणजे कोण, असे ओढत नेले की दृष्टान्त फाटतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची. लिहिलेले आधी त्या काम करणाऱ्यालाच वाचून दाखवावे. त्याने मान डोलावली तर लौकिक आणि परीक्षक यांची बुद्धी एक झाली. मात्र कोणाचे काम, जात किंवा दुःख हसण्यासाठी वापरू नये. ज्याच्या घरून दृष्टान्त घेतला, त्याला तो ऐकताना खाली मान घालावी लागली, तर ती हरिकथा नव्हे.

यंदा दिंडीत चालताना एक लहान वही जवळ ठेवा. पहाटे राहुट्या सोडणारे हात, रात्री पहाऱ्याला वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते तो क्षण, भाकरी थापणाऱ्या बाईची लगबग, हे पाहा. मुक्कामाला पोचल्यावर दोन ओळी टिपा. घरी परतल्यावर गोठ्यात, दुकानात, कचेरीत हेच चालू ठेवा. अभंग झाला तर विठ्ठलाच्या पायी वाहा. नाही झाला, तरी ज्या कामाला आपण क्षुल्लक म्हणत होतो त्याकडे लक्ष देऊन पाहण्याची सवय लागेल. आणि तसे पाहता पाहता ते काम हरीचेच आहे हे कळले, तर याहून मोठा लाभ कोणता?

॥ जय जय रामकृष्णहरि ॥