अँग्लो-सॅक्सन वीरकाव्यातील नायक : गुण आणि मर्यादा

प्राचीन इंग्रजी भाषेतील वीरकाव्याचा विचार मुख्यतः 'बेओवुल्फ' या 3182 ओळींच्या महाकाव्याच्या आधारे करावा लागतो. इ. स. 1000 च्या सुमाराची त्याची एकच हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. 1731 च्या आगीत तिच्या कडा होरपळल्या. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. काव्य इंग्लंडमधील असले तरी त्यातील कथा डेन्मार्कमध्ये आणि दक्षिण स्वीडनमधील गेआट लोकांच्या प्रदेशात घडते.

या काव्यातील नायकाचे गुण सांगताना शौर्य, बाहुबल, निष्ठा, औदार्य आणि कीर्तीची आकांक्षा अशी यादी सामान्यतः दिली जाते. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. हे गुण व्यक्तीच्या ठायी स्वतंत्रपणे नांदत नाहीत, ते कोणाचे तरी देणे म्हणून प्रकट होतात. शिवाय योद्ध्याला शोभणारा गुण राजाला शोभेलच असे नाही. या दोन मुद्द्यांच्या अनुरोधाने येथे नायकाच्या गुणांचे स्वरूप तपासले आहे.

1. दान आणि निष्ठा

रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. 98 च्या सुमारास जर्मन टोळ्यांचे वर्णन करताना नायक आणि त्याचे सहचर यांच्या बंधनाची नोंद केली आहे. नायक रणात पडल्यावर जिवंत परतणे हा सहचराला जन्माचा कलंक मानला जाई. अँग्लो-सॅक्सन काव्यात याच बंधनाचे प्रतिबिंब दिसते. तेथे राजाला 'कडी वाटणारा' असे म्हटले जाते. सभागृहात सर्वांसमक्ष दिलेले सुवर्णाचे कडे किंवा तलवार म्हणजे वेतन नव्हे. ते रणांगणावर फेडावयाचे ऋण होय.

बेओवुल्फचे डेन्मार्कला जाणे हेही केवळ साहस नाही. त्याच्या पित्याच्या हातून घडलेल्या वधाची भरपाई राजा ह्रोथगारने पूर्वी चुकती केली होती. ग्रेंडेल या राक्षसाने ह्रोथगारचे सभागृह बारा वर्षे उद्ध्वस्त केलेले असताना त्या उपकृत पित्याचा पुत्र धावून येतो. ग्रेंडेल आणि त्याची माता यांच्या वधानंतर मिळालेल्या देणग्याही तो स्वतःजवळ ठेवीत नाही. मायदेशी परतून तो त्या राजा ह्युगेलाक आणि राणी ह्युग्द यांना अर्पण करतो. ह्युगेलाक त्याला तलवार, जमीन आणि प्रासाद देतो. देण्याघेण्याचे हे वर्तुळ हाच या समाजाचा आधार होय.

2. आत्मप्रौढी की प्रतिज्ञा?

संस्कृत साहित्यशास्त्राचा संस्कार असलेल्या मराठी वाचकाला बेओवुल्फचे सभेतील बोलणे खटकण्याचा संभव आहे. 'दशरूपका'त धीरोदात्त नायकाच्या लक्षणांत आत्मश्लाघा न करणे आणि अहंकार झाकून ठेवणे यांचा समावेश आहे. उलट बेओवुल्फ आपले पूर्वपराक्रम उघडपणे सांगतो, आणि उनफेर्थ त्याला डिवचतो तेव्हा तितक्याच सडेतोडपणे उत्तर देतो.

परंतु या बोलण्याला प्राचीन इंग्रजीत 'बेओत' ही स्वतंत्र संज्ञा आहे, आणि तिच्यात बढाईबरोबर प्रतिज्ञेचाही अर्थ आहे. साक्षीदारांसमक्ष उच्चारलेला शब्द वीराचा परतीचा मार्ग बंद करतो. 'माल्डनची लढाई' या काव्यात सेनानी पडल्यावर एल्फ्विने हा तरुण योद्धा सहकाऱ्यांना पानगोष्ठीत केलेल्या अशाच प्रतिज्ञांची आठवण देतो. म्हणजे धीरोदात्ताचे आत्मश्लाघा टाळण्याचे लक्षण येथे लागू पडत नसले, तरी दृढव्रत असण्याचे लक्षण पुरेपूर लागू पडते.

3. बळावरील संयम

केवळ बळ हा येथे गुण नव्हे, हेही लक्षात घ्यावयास हवे. ग्रेंडेलला शस्त्रे ठाऊक नाहीत म्हणून बेओवुल्फ निःशस्त्र झुंजतो. ह्युगेलाकच्या मृत्यूनंतर राणी त्याला सिंहासन देऊ करते. तो ते नाकारून अल्पवयीन राजपुत्राचा पाठीराखा होतो. ह्रोथगार त्याला हेरेमोद या राजाचे उदाहरण देऊन सावध करतो. हेरेमोदजवळ बळ होते. पण त्याने स्वतःच्याच सहचरांचे प्राण घेतले आणि दानधर्म सोडला. मरणसमयी बेओवुल्फ समाधान मानतो तेही आपण खोट्या शपथा घेतल्या नाहीत आणि स्वकीयांचा घात केला नाही याचे.

4. गुणांची मर्यादा

पन्नास वर्षे राज्य केल्यानंतर वृद्ध बेओवुल्फ अग्नी ओकणाऱ्या नागाशी लढावयास निघतो. सोबत अकरा योद्धे असतानाही एकट्यानेच लढण्याचा त्याचा आग्रह असतो. संकट ओढवताच दहाजण रानात पळतात. एकटा विग्लाफ मदतीस धावतो. नाग मरतो, राजाही मरतो. एका माणसाच्या इच्छेपायी अनेकांना दुःख भोगावे लागते, अशी खंत विग्लाफच व्यक्त करतो. स्वीडिश आणि फ्रँक शत्रू आता चालून येतील असे भाकीत दूत करतो. राजाच्या सौम्यतेची आणि प्रजावात्सल्याची स्तुती करणाऱ्या या काव्याचा अखेरचा शब्द मात्र 'कीर्तीसाठी सर्वाधिक उत्सुक' अशा अर्थाचा आहे.

'माल्डनची लढाई' हे महाकाव्य नसून अपूर्ण स्वरूपात उरलेले, 325 ओळींचे वीरकाव्य आहे. पण त्यात हाच प्रश्न उभा राहतो. इ. स. 991 मध्ये एसेक्सचा सेनानी बिर्ख्तनोथ याने ओहोटीला उघडी पडणारी अरुंद वाट व्हायकिंगांना ओलांडू दिली आणि तो मारला गेला. कवी या निर्णयासाठी 'ओफेरमोद' हा शब्द योजतो. टोल्किन यांनी 1953 मध्ये त्याचा अर्थ अतिरेकी अभिमान असा घेऊन बिर्ख्तनोथवर दोष ठेवला आणि बेओवुल्फच्या अखेरच्या लढाईशी त्याचा संबंध जोडला. तो अर्थ सर्व अभ्यासकांना मान्य नाही. नागाने वस्त्या जाळल्या होत्या, तेव्हा बेओवुल्फचे लढणे हे प्रजारक्षणही होते, हेही विसरता येत नाही.

समारोप

कवी नायकाला दोषी ठरवून मोकळा होत नाही; त्याच्या चितेभोवती शोक करणारी प्रजा तो दाखवतो. सहचराचे देणे प्राण देऊन फिटते. राजाचे देणे मात्र पुष्कळदा जिवंत राहूनच फेडावे लागते. तरुण वीराला ज्या गुणाने थोरपण दिले तोच गुण वृद्ध राजाच्या प्रजेला निराधार करतो. या विसंगतीची कवीला असलेली जाणीव लक्षात घेतल्याशिवाय अँग्लो-सॅक्सन नायकाच्या गुणांची चर्चा पूर्ण होऊ शकत नाही.