प्रकटवाचन आणि बोलीची ढब

ग्रंथस्वामित्वाची मुदत संपलेली पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करावी व सर्वांस विनामूल्य ऐकावयास द्यावी, या हेतूने सन २००५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथील ह्यू मॅग्वायर यांनी ‘लिब्रिव्हॉक्स’ हा उपक्रम आरंभिला. स्वयंसेवक बहुधा एकेक प्रकरण वाटून घेऊन घरीच वाचतात. त्यांची निवडपरीक्षा होत नाही. दुसरा स्वयंसेवक ध्वनिमुद्रण ऐकतो. वाक्य दोनदा आले किंवा मध्येच खंड पडला, तर कळवितो. बोलीची ढब मात्र दोष मानिली जात नाही.

प्रकटवाचनाच्या तासास शिक्षकांनी हाच विवेक ठेवावा. चुकलेले वाक्य पुन्हा वाचवून घ्यावे. परंतु घरच्या बोलीवरून मुलाचे हसे होऊ देऊ नये. एकदा ओशाळलेले मूल पुन्हा वाचावयास सहसा उभे राहत नाही.