विमान उतरताना लक्ष कुठे?

कन्हानहून नागपूरचा सोनेगाव विमानतळ सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटर आहे. ताशी १५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या छोट्या विमानाला तेथे पोहोचायला किती वेळ लागेल? अवघी १० मिनिटे! तेवढ्यात वैमानिकाला उंची व वेग कमी करायचा असतो, नियंत्रण मनोऱ्याशी बोलायचे असते आणि धावपट्टीच्या रेषेत वळायचे असते. खाजगी विमानात ही सारी कामे बहुधा एकट्यालाच करावी लागतात. शेजारी बसलेला असतो एखादा हौशी पाहुणा.

समजा, शेवटच्या वळणाआधी पाहुण्याने विचारले, "अहो, तो अंबाझरी तलाव ना?" वैमानिकाने चार सेकंद तिकडे पाहिले. ताशी ११० किलोमीटर वेगाने विमान तेवढ्यात सुमारे १२० मीटर पुढे गेले, आणि वळायची जागा मागे पडली. आता चूक भरून काढण्यासाठी तो विमान एका बाजूला खूप कलवून वळवतो. खरा घात होतो तो येथे.

असे का? विमान कलले की पंखांच्या बलाचा काही भाग वळवण्यात खर्च होतो. उंची टिकवायची तर एकूण बल वाढवावे लागते. ६० अंश कलल्यास ते दुप्पट लागते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून किमान वेग २ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.४१ पट हवा. सरळ उडताना ज्या विमानाला किमान ८० किलोमीटर वेग पुरतो, त्याला आता ११३ हवा. आपल्या वैमानिकाजवळ आहे ११०! पंखांवरचा हवेचा प्रवाह विस्कटतो, विमान एका पंखावर कोसळते. याला 'स्टॉल' म्हणतात. उंचावर त्यातून सावरता येते. जमिनीजवळ तेवढी उंचीच उरलेली नसते.

मोठ्या विमानांचे वैमानिकही यातून सुटलेले नाहीत. ११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे धुक्यात उतरताना दोघे वैमानिक राजकारण आणि जुन्या मोटारींविषयी गप्पा मारत होते. उंचीकडे लक्ष राहिले नाही. सत्तरहून अधिक माणसे दगावली. पुढे १९८१ मध्ये तेथे नियम झाला : १०,००० फुटांखाली कामाखेरीज बोलणे नाही. मात्र तो विमान कंपन्यांसाठी; स्वतःचे विमान हौसेने उडवणाऱ्याला तो लागू नाही. खरे तर त्यालाच तो अधिक हवा, कारण त्याची चूक पाहणारा दुसरा वैमानिक जवळ नसतो.

एक प्रयोग करा. सुईत दोरा ओवताना १०० मधून ७-७ वजा करत मोठ्याने मोजा. दोरा आधी चुकतो की आकडा?