कात्री आणि चिमुकले हात

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर लहान मुलाच्या हाती कात्री केव्हा व कशी द्यावी, हे तुम्ही सांगू शकाल.

कात्री दिसली की मूल तिच्याकडे धावते आणि ‘हात कापेल’ म्हणून मोठी माणसे ती उंच फळीवर ठेवून देतात. ही भीती रास्त आहे. परंतु भीतीपोटी बोटांना कामच मिळाले नाही, तर पुढे पेन्सिल धरताना तीच बोटे अडखळू शकतात.

ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी पाने, बिया, खडे, शिंपले हीच साधने मानली. कात्रीची पूर्वतयारीही अशीच घरच्या वस्तूंनी करता येते. कणकेचा गोळा मळणे, कपड्यांचे चिमटे दाबणे, जुने वर्तमानपत्र फाडणे यांमुळे बोटांत बळ येते.

साधारणतः तिसऱ्या वर्षी बोथट टोकाची लहान कात्री द्यावी. अंगठा वरच्या कडीत व वरच्या बाजूस असावा, कोपर अंगाजवळ राहावे. प्रथम जाड कागदाच्या अरुंद पट्टीचे एकेका घावात तुकडे करू द्यावेत. पातळ कागद दुमडतो व मूल निराश होते. त्यानंतर सरळ रेघ, मग वळण आणि शेवटी वर्तुळ. वळण कापताना कात्री नव्हे, तर दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा असतो. प्रत्येक मुलाची गती वेगळी असते, म्हणून तुलना करू नये.

डावखुऱ्या मुलाला नेहमीच्या कात्रीने कापताना रेघ पात्याआड जाते. तो त्याचा दोष नव्हे. त्याला डाव्या हाताची कात्री मिळावी.

कात्री बसूनच वापरावी, देताना पाती मिटलेली असावीत आणि मोठे माणूस जवळ असावे. नर्मदेकाठच्या बरगीतील घर असो वा कोसबाडची बालवाडी, नियम एकच : मुलाला कात्रीपासून दूर ठेवण्यापेक्षा तिच्याशी नीट वागायला शिकवावे. वाकड्यातिकड्या कापलेल्या त्या पहिल्या तुकड्यात ‘हे मी केले’ हा आत्मविश्वास असतो.

पाठावरील प्रश्न
१. कात्री देण्यापूर्वी मुलाची कोणती तयारी करून घ्यावी?
२. सुरुवातीस जाड कागद का द्यावा?
३. ‘भीती रास्त आहे, परंतु...’ या विधानाबाबत तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.