सोल्यूशनचा वास आणि कारागिरांचे आरोग्य

चपलेचा तळ व पट्टे जोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चिकट पदार्थास कारागीर ‘सोल्यूशन’ म्हणतात. त्यातील रबर पातळ राहावे म्हणून त्यात लवकर उडून जाणारा द्रावक मिसळलेला असतो. सोल्यूशन वाळते, म्हणजे हा द्रावक हवेत मिसळतो. आणि खोली कोंदट असल्यास तो कारागिराच्या श्वासावाटे शरीरात जातो. मुंबईतील धारावीसारख्या वस्त्यांत चामड्याचे व पादत्राणांचे काम लहान जागेत चालते. म्हणून या प्रश्नाचा विचार अगत्याचा ठरतो.

दोन द्रावक, दोन विकार

हेक्झेन हा द्रावक शरीरात गेल्यावर त्यापासून मज्जातंतूंना घातक असे द्रव्य तयार होते. प्रथम पायाची व हाताची बोटे बधिर होतात. पुढे पावलांतील शक्ती कमी होऊन चालणे व जिना चढणे कठीण जाते. जपानमधील मिए प्रांतात सँडल बनविणाऱ्या कामगारांची तपासणी झाली असता ९३ जणांत हा विकार आढळला. त्याची नोंद १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. काम थांबविल्यानंतरही काही आठवडे त्रास वाढत राहू शकतो. त्यामुळे खरे कारण ध्यानी येत नाही.

बेंझिन हाडांतील मगजावर आघात करते. रक्तक्षय होतो आणि रक्ताचा कर्करोगही उद्भवतो. इस्तंबूलमध्ये १९६७ ते १९७३ या काळात बेंझिनशी संपर्क आलेल्या २६ चर्मकारांना हा कर्करोग झाल्याचे डॉ. मुझफ्फर अक्सोय यांनी दाखवून दिले. पुढे बेंझिनचा वापर बंद होत गेला, तशी रुग्णसंख्याही घटली.

कायदा आणि घरगुती कार्यशाळा

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने बेंझिनची विषबाधा शासनास कळविण्याच्या रोगांत समाविष्ट केली होती. तथापि, मोजकेच कामगार असलेली घरगुती कार्यशाळा सामान्यतः त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहिली. जेथे निरीक्षक पोहोचत नाही, तेथे शेजारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांची जबाबदारी वाढते.

काय करता येईल?

काम ओसरीवर किंवा आरपार वारा वाहणाऱ्या जागी करावे. पंखा दूषित हवा बाहेर टाकणारा असावा. डबा काम नसताना झाकून ठेवावा. सोल्यूशन बोटाने न लावता ब्रशने लावावे आणि हात थिनरने धुऊ नयेत. त्या खोलीत चूल पेटवू नये, मुलांना झोपवू नये. तोंडावर बांधलेला रुमाल धूळ अडवितो, वाफ नव्हे. शक्य तेथे पाण्यावर आधारित चिकट पदार्थ वापरावा.

वासाची नाकास लवकर सवय होते. म्हणून वास येत नाही याचा अर्थ धोका टळला असा नाही. बोटे बधिर होणे, सतत थकवा, हिरड्यांतून रक्त येणे अशी लक्षणे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण कोणते काम करतो, हे डॉक्टरांना प्रथम सांगावे. त्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.